आधी आवाज, मग चित्र

आवाज किंवा चित्रफीत फोनमध्ये पूर्ण उतरण्याची वाट न पाहता येईल तशी ऐकत-पाहत जाणे, याला स्ट्रीमिंग म्हणतात. फाइल डाउनलोड करणे म्हणजे आधी हौद भरून घेणे आणि मग पाणी देणे. स्ट्रीमिंग म्हणजे ठिबक. थेंब वेळेवर येत राहिले की रोप तरते, नळी मध्येच तुंबली की ओळ सुकते. सिनेमा पाहताना चित्र अडकले तर पाहणारा वैतागतो आणि पुन्हा बघू लागतो. गणिताचा किंवा विज्ञानाचा धडा ऐन पायरीवर अडकला तर मात्र ती पायरी निसटते, आणि पुढचे सगळे कानावरून जाते. म्हणून शिकवण्यासाठी ध्वनी आणि चित्रफिती तयार करण्याचे नियम करमणुकीपेक्षा वेगळे आहेत.

ते नियम ठरवायचे तर पाहणारा कुठे बसला आहे ते आधी पाहावे लागते. बोरी हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले, परभणी-जिंतूर रस्त्यावरचे मोठे गाव. अशा गावात शाळकरी मुलांच्या हाती फोन येतो तो बहुधा संध्याकाळी, घरातली माणसे शेतातून किंवा कामावरून परतल्यावर. नेमके त्याच वेळी गावातले बाकीचे फोनही त्याच टॉवरवर लागलेले असतात. दिवसाचा दीड-दोन जीबी डाटा घरातल्या चौघांत वाटलेला असतो, फोन चार-पाच वर्षांचा जुना असतो, आणि रेंज घराच्या एका कोपऱ्यात असते, दुसऱ्यात नसते. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत मोठ्या पडद्यावर झकास दिसणारा धडा या फोनवर कसा उतरतो, यावर त्याची किंमत ठरते.

मुळात चित्रफीत म्हणजे प्रचंड माहिती. फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि सेकंदाला अशा पंचवीस चौकटी जातात. काहीही न दाबता ती माहिती जशीच्या तशी ठेवली तर सेकंदाला सुमारे १५५ एमबी लागतील आणि सहा मिनिटांचा धडा ५५ जीबीच्या वर जाईल. ही माहिती दाबून लहान करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ हा कोडेक आज जवळजवळ प्रत्येक फोनला वाचता येतो. त्याची युक्ती साधी आहे: प्रत्येक चौकट नव्याने न पाठवता एक पूर्ण चौकट पाठवायची आणि पुढच्या चौकटींत काय बदलले तेवढेच कळवायचे. फळा स्थिर असेल आणि फक्त हात हलत असेल तर कळवण्यासारखे थोडेच असते. मागे लिंबाच्या झाडाची पाने हलत असतील तर प्रत्येक पानाची बातमी द्यावी लागते, आणि ठरलेल्या आकारात ती मावली नाही की फळ्यावरची अक्षरे धूसर होतात. धड्याची पार्श्वभूमी साधी आणि स्थिर ठेवावी, या सल्ल्याचे खरे कारण हे आहे. त्यात सौंदर्याचा भाग कमी आणि हिशोबाचा जास्त आहे.

दाबलेली चित्रफीत पुढे काही सेकंदांच्या तुकड्यांत कापली जाते. एकाच धड्याच्या मोठ्या, मध्यम आणि लहान अशा तीन-चार प्रती असतात, प्रत्येकीचे तुकडे सर्व्हरवर ठेवलेले असतात, आणि कुठला तुकडा कुठे आहे याची एक यादी असते. फोन ती यादी वाचतो, रेंजचा अंदाज घेतो आणि त्या क्षणी झेपेल त्या प्रतीचा पुढचा तुकडा मागवतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेली डॅश या दोन पद्धती याच तत्त्वावर चालतात. व्हिडिओ मध्येच अस्पष्ट होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा स्वच्छ दिसतो, तो यामुळे. चित्र तुटू देण्याऐवजी फोनने लहान प्रत निवडलेली असते.

आकडे मांडले की चित्र अधिक लख्ख होते. सहा मिनिटांचा धडा फोनच्या कॅमेऱ्याने फुल एचडीत टिपला की मूळ फाइल साधारण पाऊण जीबीची होते. तोच ४८०पी आकारात, सेकंदाला सहाशे किलोबिटच्या आसपास बसवला तर ३० एमबीत मावतो. २४०पी केला तर १३ एमबी. आणि त्यातला फक्त आवाज वेगळा काढला तर तो दीड एमबीच्या आत येतो. याचा अर्थ असा की ज्या रेंजवर चित्र कोसळते, तिथे आवाज सहज चालतो. चित्र धूसर झाले तरी समजावून सांगणारा आवाज स्वच्छ असेल तर धडा पुढे सरकतो. आवाज खरखरत असेल तर उत्तम चित्रही काही शिकवत नाही. ग्रामीण विद्यार्थ्यासाठी धडा करणाऱ्याने आपले पहिले लक्ष, पहिला पैसा आणि पहिला वेळ आवाजावर घालावा, तो यासाठी.

महाराष्ट्रात ही गोष्ट इंटरनेटच्या कितीतरी आधी कळून आली होती. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. साधारण वीस-वीस शेतकरी ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांचे ज्ञान, मंडळे नसलेल्या गावांच्या तुलनेत, स्पष्टपणे वाढलेले आढळले. चित्राचा लवलेश नसलेले हे शिक्षण होते. ते टिकले ते नेमक्या आवाजामुळे आणि ऐकून झाल्यावर होणाऱ्या बोलण्यामुळे.

चित्रवाणीचा काळ पुढे आला. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही राज्याची शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली आणि शाळकरी मुलांसाठी मराठी कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसू लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ हा दूरदर्शनवरचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे काही कार्यक्रम पुणे विद्यापीठातल्या माध्यम केंद्रात तयार होत. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. या सगळ्यांत एक अडचण सामाईक होती. कार्यक्रम ठरलेल्या वेळी येई आणि निघून जाई. वीज गेली, मूल शेतात असले, दूरदर्शन संच शेजाऱ्याकडे असला, तर धडा हुकला तो हुकलाच. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली, तोवर मोबाइल डाटा स्वस्त होऊन ती अडचण बरीचशी सुटली होती.

मग २०२० आले आणि कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमात रोजच्या अभ्यासाचे दुवे व्हॉट्सॲपवरून पाठवले. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या बालभारती पुस्तकांवर तिचे ४८० भाग केले. हजारो शिक्षकांनी त्या महिन्यांत पहिल्यांदाच फोन तिवईवर लावून स्वतःचा धडा टिपला. त्यांतले कितीतरी धडे मनापासून केलेले होते, तरी ऐकवत नव्हते: पंख्याची घरघर, रिकाम्या खोलीतला घुमणारा आवाज, चाळीस मिनिटांची सलग लांबी. उमेद भरपूर होती. कमी पडली ती पूर्वतयारी.

पूर्वतयारीची सुरुवात लिहिण्यापासून होते. मुंबईच्या आयआयटीत कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प याचा वस्तुपाठ आहे. संगणकाची मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे हे धडे आहेत. प्रत्येकाची संहिता दोन रकान्यांत लिहितात: एका बाजूला त्या क्षणी काय दिसेल, दुसऱ्या बाजूला नेमके कोणते वाक्य बोलले जाईल. ध्वनिमुद्रणाआधी ती संहिता एखाद्या नवशिक्याकडून तपासून घेतात. विषय न येणाऱ्या माणसाला त्यावरून काम जमले तरच पुढे जायचे. आवाजाची पट्टी चित्रापासून वेगळी असल्याने पडद्यावरचे चित्र तेच ठेवून त्यावर मराठी, कन्नड, तमिळ असे आवाज चढवता येतात. म्हणून संगणकावर इंग्रजीच दिसत असले तरी समजावणी मराठीत मिळते. दोन रकान्यांची ही शिस्त कुठल्याही गावातल्या शिक्षकाला एका वहीच्या पानावर पाळता येते, आणि तिच्यात पैसा लागत नाही.

लांबी हा वादाचा विषय होता. मोजमापाने तो बराच निवळला. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या संकेतस्थळावरच्या ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक मन लावून पाहतात, लांबी वाढत गेली की लक्ष झपाट्याने उडते, असे त्यात दिसले. हाताने लिहीत समजावलेले धडे नुसत्या तयार पाट्या दाखवणाऱ्या धड्यांपेक्षा अधिक पाहिले जातात, हेही त्यातूनच कळले. वर्गातले तासाभराचे व्याख्यान टिपून तसेच चढवले तर ते यामुळेच फारसे चालत नाही. वर्गात शिक्षक मुलांचे चेहरे पाहून थांबतो, मागे जातो, उदाहरण बदलतो. कॅमेऱ्यासमोर हे होत नाही, म्हणून एका धड्यात एकच गोष्ट शिकवावी.

एक धडा डोळ्यांसमोर आणून पाहावा. परभणी जिल्ह्यात सोयाबीन घराघरातले पीक आहे आणि घरचे बियाणे पेरण्याआधी त्याची उगवण तपासणे हा विज्ञानाच्या वर्गालाही, शेतालाही उपयोगी विषय आहे. डाव्या रकान्यात पहिली ओळ: हाताचा पंजा, त्यात सोयाबीनचे दाणे. उजव्या रकान्यात: ‘न निवडता, जसे आले तसे शंभर दाणे मोजून घ्या.’ पुढे ओले गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी. ‘दाणे एकमेकांना चिकटू देऊ नका.’ मग गोणपाटाची गुंडाळी, सावलीची जागा, रोज पाण्याचा हलका शिडकावा. इथे चित्र काही दिवसांची उडी घेते, आणि ही उडी आवाजाने सांगावी लागते: ‘पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उघडा.’ आता कॅमेरा अगदी जवळ. सरळ, निरोगी कोंब कोणता आणि तुटका, काळा पडलेला कोणता, ते बोटाने दाखवून मोजणी. शंभरात सत्तर किंवा त्याहून अधिक नीट उगवले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवावे लागते. सहा मिनिटांत हे आरामात बसते. सोयाबीनचे इतर गुण, वाण, खते, बाजारभाव यांतले काहीही इथे येत नाही. त्यांचे वेगळे धडे होतील. आणि डोळे मिटून नुसते ऐकले तरी कृती कळते का, ही या संहितेची शेवटची परीक्षा.

आवाज टिपण्यासाठी महागडा स्टुडिओ लागत नाही, योग्य जागा लागते. पत्र्याची खोली उन्हाने तडतडते आणि पावसात तर बोलणेच ऐकू येत नाही. रिकामा वर्ग घुमतो. त्यापेक्षा कपडे, धान्याची पोती, अंथरुणे असलेली लहान खोली चांगली, कारण मऊ वस्तू आवाज शोषतात. भिंतीला दोन वाकळा टांगल्या तरी फरक कानाला कळतो. पंखा बंद, फोन विमान मोडवर, खिडक्या लावलेल्या. वेळ पहाटेची किंवा दुपारच्या सामसुमीची निवडावी, म्हणजे ट्रॅक्टर, दुचाक्या आणि भोंगे टळतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा. थेट समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा फटकारा बसतो. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक काही शे रुपयांत मिळतो. तोही नसेल तर दुसरा फोन शर्टाच्या खिशात ठेवून त्यावर आवाज टिपावा आणि नंतर चित्राशी जुळवावा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवली की दोन्ही पट्ट्या जुळवणे सोपे जाते.

बोलण्याआधी दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता टिपून ठेवावी. ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर त्या दहा सेकंदांवरून खोलीची घरघर ओळखते आणि साऱ्या ध्वनिमुद्रणातून ती कमी करते. हे फार ताणले तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून बेताने. पार्श्वसंगीत धड्याखाली लावूच नये. फोनच्या लहान स्पीकरवर ते शब्दांना झाकते, आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना तर काहीच उमगत नाही. सगळ्या धड्यांच्या आवाजाची पातळी एकसारखी ठेवावी, म्हणजे एका धड्यावरून दुसऱ्यावर जाताना आवाज लहान-मोठा करत बसावे लागत नाही.

भाषेचाही विचार इथेच येतो. पुस्तकी मराठीत बोललेला धडा जड होतो आणि निव्वळ बोलीत केलेला शेजारच्या जिल्ह्यात अडखळतो. परिभाषेचा शब्द पाठ्यपुस्तकातलाच घ्यावा, कारण परीक्षेत तोच येणार. भोवतीची वाक्ये मात्र गावात बोलतात तशी असावीत. मराठवाड्यातल्या मुलाला मराठवाड्याचा हेल असलेला आवाज परका वाटत नाही, आणि तो हेल झाकण्याचे काही कारण नाही.

चित्राच्या बाबतीत फोन आडवा धरावा आणि हलू देऊ नये, तिवई नसेल तर विटांची चळत चालते. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा घ्यावा. खिडकी पाठीमागे आली की शिकवणाऱ्याचा चेहरा काळा पडतो, समोर आली की फळा चमकतो. ट्यूबलाइटखाली कधीकधी चित्रावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे आणि फोन बहुधा सेकंदाला तीस चौकटी टिपतो, त्या दोहोंचा मेळ बसत नाही. कॅमेऱ्यात सेकंदाला पंचवीस चौकटी ठेवता आल्या आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर बांधता आले तर पट्टे जातात. ते जमत नसेल तर दिवसाच्या उजेडात टिपावे. फळ्यावर एका वेळी चार-पाच ओळी, मोठ्या अक्षरात. तयार झालेली चौकट तळहाताएवढ्या पडद्यावर, हात लांब करून वाचता येते का ते पाहावे. मराठी अक्षरांत वेलांट्या आणि रफार वर, उकार खाली असतात. लहान आकारात आधी तेच विरघळतात आणि ‘दिन’चा ‘दीन’ होतो.

संकलनात कापणे महत्त्वाचे, सजवणे नव्हे. अडखळलेली वाक्ये, रेंगाळणारी सुरुवात, पाहुण्यांचे आभार हे सगळे काढावे. उडत्या अक्षरांनी आणि फिरत्या पाट्यांनी डाटा वाढतो, समज वाढत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक प्रयोगांतून हेच दाखवले आहे, की विषयाशी संबंध नसलेली चित्रे आणि आवाज शिकणाऱ्याचे लक्ष खातात. मग फाइल एच.२६४ आणि एमपी४ या साच्यात काढावी. नवे कोडेक कमी जागेत तेच चित्र देतात, पण जुने फोन ते वाचताना तापतात किंवा वाचतच नाहीत. एक बारीक गोष्ट नेहमी राहून जाते. एमपी४ फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते आणि पुष्कळदा ती शेवटी लिहिली जाते, त्यामुळे साध्या सर्व्हरवरून फाइल पाहताना चित्र सुरू व्हायला वेळ लागतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती सुरुवातीला आणण्याची खूण करता येते. यूट्यूबसारख्या ठिकाणी ही चिंता नसते; तिथे सगळ्या प्रती आपोआप तयार होतात. म्हणून तिथे चढवताना उलट चांगल्यातली चांगली प्रत द्यावी.

उपशीर्षके ही शोभा नव्हे. कर्णबधिर मुलांसाठी ती धडाच असतात, आणि गलबल्याच्या घरात आवाज बंद करून पाहणाऱ्यालाही तीच आधार देतात. संहिता आधीच लिहिलेली असल्याने निम्मे काम झालेले असते, वेळेच्या खुणा तेवढ्या घालायच्या. इथे एक अडचण तालुक्याच्या ठिकाणी हमखास येते. डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर उपशीर्षकांच्या फाइलमध्ये टाकला तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी उमटते. उपशीर्षके, शीर्षके, वर्णन हे सारे युनिकोडमध्येच असले पाहिजे. तसे असले तरच ‘आठवी विज्ञान बल व दाब’ असे मराठीत शोधणाऱ्याला तो धडा सापडतो. अंध विद्यार्थ्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, ‘हे असे इथे ठेवायचे’ यासारखी वाक्ये टाळली तरी पुष्कळ झाले. काय, कुठे, कसे ते बोलून सांगावे.

प्रसिद्ध कुठे करायचे, हा निर्णय बहुतेक वेळा सवयीने यूट्यूबकडे जातो. त्याचे फायदे खरे आहेत: साठवण फुकट, लहान-मोठ्या प्रती आपोआप, आणि वापरायची पद्धत सगळ्यांना ठाऊक. तोटाही तितकाच खरा. धडा संपताच शेजारी दुसरेच काही तरी हाक मारते, मध्ये जाहिराती येतात. मुलांसाठीचा व्हिडिओ तसा नोंदवला तर त्याखालच्या प्रतिक्रिया बंद होतात, आणि शिक्षकाला शंका तिथे कळत नाहीत. शालेय धड्यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेले दीक्षा हे सरकारी व्यासपीठ अधिक शांत आहे. त्यावरचा धडा रेंजमध्ये असताना उतरवून घेता येतो आणि नंतर रेंज नसताना पाहता येतो. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की तो थेट त्या पाठाशी नेतो. पाठ्यपुस्तकात असे कोड घालण्याची कल्पना आधी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी राबवली आणि पुढे राज्याने ती उचलली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

बोरीसारख्या गावात मात्र सर्वांत जास्त चालणारा मार्ग व्हॉट्सॲपचा आहे, आणि त्यात चूक काही नाही. फक्त व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला पुन्हा दाबते आणि फळ्यावरची अक्षरे जातात. आधीच ४८०पी करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा पोहोचतो. सोबत दीड एमबीची आवाजाची फाइल आणि फळ्याचे एक-दोन फोटो द्यावेत. ज्याच्याकडे फारसा डाटा उरला नाही, त्याचे या दोहोंवर काम भागते. शाळेत एका मेमरी कार्डवर वर्षभराचे धडे भरून ठेवणे हाही प्रकाशनाचाच प्रकार आहे. सहा मिनिटांचे, ३० एमबीचे हजार धडे ३२ जीबीच्या कार्डात मावतात. कोलिब्रीसारख्या मोफत प्रणालीने एका जुन्या संगणकावरून, इंटरनेट नसताना, वर्गातल्या सगळ्या टॅबवर हे धडे वाहते ठेवता येतात. प्रौढांसाठी, विशेषतः शेतीच्या विषयात, परभणीची आकाशवाणी आणि तिथलेच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे जवळचे आधार आहेत. १९५६ च्या श्रोतामंडळांची रीत, म्हणजे एकत्र ऐकायचे आणि मग बोलायचे, ती एका फोनभोवती आजही तशीच लागू पडते.

थेट प्रक्षेपणाचा मोह अनेकांना होतो. थेट वर्गात शंका तिथल्या तिथे विचारता येते, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात शिक्षकाकडून वर जाणारा वेग महत्त्वाचा असतो आणि मोबाइल जोडणीत तो खाली येणाऱ्या वेगापेक्षा बराच कमी असतो. शिक्षकाची रेंज गेली की साऱ्या वर्गाचा तास जातो. यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणात बोलणे आणि पोहोचणे यांत काही सेकंदांचे अंतर पडते, त्यामुळे प्रश्नोत्तरेही रखडतात. शिकवणे टिपून द्यावे आणि थेट वेळ फक्त शंकांसाठी, तीही शक्यतो नुसत्या आवाजावर ठेवावी, ही वाटणी गावाला अधिक मानवते.

हक्कांचा प्रश्न चढवण्याआधी सोडवलेला बरा. कॉपीराइट कायदा, १९५७ वर्गात शिकवताना इतरांच्या साहित्याचा वापर करण्याची बरीच मोकळीक देतो. वर्गाच्या चार भिंतींतली ती मोकळीक साऱ्या जगाला खुल्या असलेल्या व्हिडिओला जशीच्या तशी लागू होईल असे गृहीत धरू नये. पुस्तकाची पाने टिपण्यापेक्षा आकृती फळ्यावर स्वतः काढावी. ती विद्यार्थ्याला अधिक कळतेही. फोटो लागलेच तर विकिमीडिया कॉमन्सवर खुल्या परवान्याचे मिळतात, त्यांच्या कर्त्याचा उल्लेख करावा. आपला धडाही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने खुला केला तर दुसऱ्या जिल्ह्यातला शिक्षक त्यावर आपला आवाज चढवू शकतो. मुलांचे चेहरे हा त्याहून नाजूक मामला. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या सर्वांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. बहुतेक धड्यांत मुलांचा चेहरा लागतच नाही. हात, वही आणि आवाज पुरतात.

धडा चढवल्यावर काम उरते ते देखभालीचे. यूट्यूबच्या आलेखात लोक कुठे सोडून जातात ते दिसते. सगळे एकाच जागी गळत असतील तर तिथली समजावणी फसलेली असते, आणि सगळे एकाच जागी मागे येत असतील तर तिथे घाई झालेली असते. अशा वेळी पूर्ण धडा नव्याने न करता तेवढा भाग बदलता यावा, यासाठी मूळ चित्र, वेगळा आवाज, संहिता आणि संकलनाची फाइल हे सारे दोन ठिकाणी जपून ठेवावे लागते. फाइलच्या नावात इयत्ता, विषय, पाठ आणि तारीख असावी, कारण शिक्षकाची बदली होते आणि पुढच्याला ते उलगडावे लागते. यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलता येत नाही. दुरुस्त धडा नव्याने चढवला की दुवाही नवा होतो, आणि आधी छापलेला किंवा पाठवलेला दुवा जुन्याच चुकीकडे नेत राहतो. म्हणून वहीत, भिंतीवर किंवा पुस्तकात छापायचा कोड थेट व्हिडिओकडे वळवू नये. तो शाळेच्या ताब्यातल्या एखाद्या पानाकडे वळवावा आणि त्या पानावरचा दुवा वेळोवेळी बदलावा. दीक्षामधले कोडही असेच पाठाशी जोडलेले असतात. कोडमागचे साहित्य बदलले तरी पुस्तक पुन्हा छापावे लागत नाही.